देव अजून जेवला नव्हता

माझ्या मुलीला तीन भाषा येतात, असं मी वर्षभर ऐटीत सांगत फिरले. खरं म्हणजे तिला चार येत होत्या. चौथी मी मोजत नव्हते.

मराठी माझी. गुजराती तिच्या बाबांची आणि घोलवडच्या आजीची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. हिंदी तिने आमच्या इमारतीच्या वॉचमनकडून आणि मोबाइलमधल्या कार्टूनांकडून उचलली होती. आणि चौथी वारली, तिला सांभाळणाऱ्या मावशींची. दिवसातले आठ तास मुलगी याच भाषेत खायची, रडायची, भांडायची, आणि रात्री झोपेत बडबडायची तीही याच भाषेत. पण कुणी कौतुकाने विचारलं की मी तीन बोटं वर करायची.

मी डहाणूच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. दर फेब्रुवारीत मातृभाषेवर माझं भाषण असतं. गेली बारा वर्षं तेच आहे, फक्त प्रमुख पाहुणे बदलतात. आईच्या दुधाबरोबर मिळालेली भाषा वगैरे मजकूर मला पाठ आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पाड्यांवरून येतात आणि त्यांच्या वह्यांत मी बारा वर्षं लाल शाईने ‘अशुद्ध’ लिहीत आले आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हणही मीच शिकवते, वाक्यात उपयोग करून दाखवते.

रविवारी आम्ही घोलवडला जायचो. स्टेशनबाहेर इको गाडी भरेपर्यंत थांबायची, तेवढ्यात मुलगी माझ्या मांडीवर बसून आजूबाजूची माणसं न्याहाळायची. उजव्या खांद्यावर पदर घेतलेली बाई दिसली की गुजराती. ड्रायव्हरशी हिंदी. भाजीची टोपली पायाशी घेऊन बसलेल्या आशागडच्या बाईशी वारली. कुणाशी काय बोलायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिचं कधी चुकत नव्हतं. एकदा एका सफारीवाल्या गृहस्थांनी तिच्या गालाला हात लावून विचारलं, “व्हॉट इज युवर नेम?” ती नुसती बघत राहिली. “इंग्लिश नाही का शिकवत?” ते माझ्याकडे वळून कनवाळूपणे म्हणाले. त्यांना स्वतःला त्याच्या पुढचं वाक्य येत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. तरी मला लाज वाटली. घरी येऊन मी मोबाइलवर इंग्रजी बडबडगीतं लावली.

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला माहेरी गेलो होतो. गोठ्यात नवं वासरू पाहून मुलगी हरखली आणि त्याच्याशी वारलीत बोलायला लागली. माझ्या वहिनी हसून म्हणाल्या, “अगं बाई, ही कुठली जंगलातली भाषा म्हणायची?” सगळे हसले. मीही हसले. नंतर मी म्हणाले, “सांभाळणाऱ्या बाई तिकडच्या आहेत ना, त्यांचं लागलंय.” कपड्यावर डाग पडला की आपण सांगतो ना, रिक्षात लागला म्हणून, अगदी त्याच सुरात.

तिथून परत आल्यावर मी एक नियम केला. मुलगी माझ्याशी वारलीत बोलली की मी म्हणायची, “मला ही भाषा येत नाही. नीट बोल.” तिने ते खरं मानलं. तीन वर्षांचं मूल आई सांगेल ते खरंच मानतं. मग मावशी संध्याकाळी मला काही सांगायला लागल्या की ही मध्ये उभी राहून त्यांचं बोलणं मला मराठीत करून सांगायची. आम्हाला त्याची गंमत वाटे. मी पाहुण्यांसमोर तिला तो खेळ करायला लावी.

मावशींबद्दल सांगायला हवं. पन्नाशीच्या, किडकिडीत, पायांत चपला क्वचितच. कामाच्या दिवसांत आशागडला लेकीकडे राहायच्या आणि सुट्टीला तलासरीकडच्या आपल्या पाड्यावर जायच्या. त्यांची मूल सांभाळायची रीत एकच होती, बोलत राहणं. भात कालवताना भाताशी, आंघोळ घालताना तांब्याशी, वाळत घातलेल्या झबल्याशी, आणि या सगळ्यांच्या वतीने मुलीशी. माझ्याशी मात्र त्या दोन-तीन शब्दांपलीकडे जात नसत. “हां बाई.” “जेवली ती.” “जातंय मी.” मला वाटायचं, स्वभावच अबोल असेल. शनिवारी माझ्या शाळेत मीटिंग असली की त्या मुलीला आशागडला लेकीच्या घरी नेत. तिथे कुंपणावर काकडीचा वेल चढला होता. मुलगी घरी येऊन त्याच्या गोष्टी सांगायची, एक काकडी एवढी झाली, एक तेवढी झाली. मी वह्या तपासत “हो का?” म्हणायची.

पाऊस सरता सरता मुलीने जेवणातली काकडी बंद केली. कोशिंबीर वाढली की वाटी सरकवून द्यायची. मी दोनदा रागावले, एकदा ताटावरून उठवलं. नखरे, दुसरं काय.

दिवाळीच्या आधी नर्सरीच्या प्रवेशाची वेळ आली. गावात एक नवी इंग्रजी शाळा निघाली आहे. भिंतींवर जिराफ, फाटकावर फुगे, आणि तीन वर्षांच्या मुलांची मुलाखत. तिला मुलाखत म्हणत नाहीत, ‘इंटरॅक्शन’ म्हणतात. आईबापांनी धुतलेले कपडे घालून एका रांगेत बसायचं आणि आपलं मूल दुसऱ्याच्या मुलापेक्षा हुशार ठरावं म्हणून देवाचा धावा करायचा, असा तो कार्यक्रम. मराठीची शिक्षिका तिथे काय करत होती, असं मला विचारू नका. मी पहिल्या दिवशी फॉर्म नेला होता.

आमचा नंबर आला. छोट्या टेबलावर एक बशी होती, तिच्यात काकडीच्या चकत्या आणि गाजराचे तुकडे. पौष्टिक खाण्याची ओळख म्हणे. हेडबाईंनी एक चकती उचलून विचारलं, “बेबी, व्हॉट इज धिस?”

मुलीने दोन्ही तळवे तोंडावर घट्ट धरले.

त्यांनी हिंदीत विचारलं. तिच्या बाबांनी गुजरातीत विचारलं. मी मराठीत विचारलं, आधी लाडाने आणि मग दात आवळून. तिने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, मान हलवली, पण तोंडावरचे हात काही काढले नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने “कुकंबर” म्हणून तीन चकत्या मटकावल्या आणि त्याच्या आईने आमच्याकडे असं पाहिलं की तिचं नाव मी अजून मनात धरून आहे.

हेडबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, “घरात खूप भाषा आहेत का? मूल कन्फ्यूज होतं. बोलणं मागे पडतं. एकच भाषा ठेवा. दिवाळीनंतर पुन्हा बघू.”

जी मुलगी झोपेतसुद्धा गप्प बसत नव्हती तिचं बोलणं मागे पडलंय, हे आम्ही पाच मिनिटांत मान्य केलं. समोरची बाई इंग्रजीत सांगत होती, आणखी काय पाहिजे?

त्या रविवारी घोलवडला सभा बसली. सासूबाई, वापीहून आलेल्या नणंद, माझे यजमान आणि मी. विषय, कुठली भाषा काढायची. गुजराती काढायची गोष्ट निघाली तेव्हा सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, दादी साथे पण नहीं बोले? मराठी काढायची तर मी सरकारी अनुदानावर मराठी शिकवते, माझीच मुलगी कशी सोडेल. हिंदी तर सगळीकडे लागते. इंग्रजी अजून आलीच नव्हती, पण तिला हात लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही. उरली कोण? जी बाई त्या खोलीत नव्हती तिची. “ए कामवाळीनी भाषा बंध करो,” नणंदबाई म्हणाल्या आणि सभा संपली.

थोड्या वेळाने मागच्या चिकूच्या बागेतून सासूबाईंचा आवाज आला. चिकू उतरवणाऱ्या बायकांनी मऊ पडलेली फळं वेगळी केली नव्हती म्हणून त्या रागावत होत्या, अगदी अस्खलित वारलीत. चाळीस वर्षं बागेत माणसं राबवून ती भाषा त्यांना आमच्या कुणाहीपेक्षा चांगली येत होती. मजुरांवर ओरडायला चालते, नातीला जोजवायला चालत नाही. मला तेव्हा मनातून हसू आलं होतं. त्यांच्यावर हसून झालं आणि सोमवारी सकाळी मी स्वतः स्वयंपाकघरात जाऊन तेच केलं.

“मावशी, आजपासून बाळाशी तुमच्या भाषेत बोलायचं नाही. आमच्यासारखं शुद्ध बोला.”

त्या पोळपाट पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या. “हां बाई,” म्हणाल्या.

त्यांनी शब्द पाळला. मी सांगितलेली कामं जशी चोख करत तसंच हेही चोख केलं. “बाळ, जेव.” “बाळ, झोप.” एवढंच. तांब्याशी बोलणं बंद, झबल्याशी बंद. पहिल्या दिवशी मुलीला तो खेळ वाटला. ती त्यांच्यामागे फिरून त्यांच्याच भाषेत त्यांना डिवचत राहिली, खदखदून हसत. मावशी खाली बघून भांडी घासत होत्या. तिसऱ्या दिवशी मुलीने त्यांचा पदर ओढून ओढून रडून घेतलं. त्यानंतर तिने प्रश्न विचारणं सोडलं. आठवड्याने ती पाणी हवं तर बोटाने माठ दाखवायला लागली. बोलणं माझ्याशी नाही, बाबांशी नाही, वॉचमनशी नाही. आता मात्र खरंच मिठाची गुळणी. घोलवडला नणंदबाई म्हणाल्या, “बघा, मॅडमनी बरोबर ओळखलं होतं.” रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात. आमच्याकडे तर रोगच नव्हता.

मी घाबरले होते, हे कुणाजवळ बोलले नाही. रात्री तिच्या तोंडाशी कान नेऊन पडायची. झोपेतही ती काही बोलत नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या आदल्या दिवशी मावशी म्हणाल्या, “दिवालीला घरी जातंय बाई.” परत कधी येणार विचारलं तर म्हणाल्या, “बघू.” भाऊबीज झाली तरी त्या आल्या नाहीत. लेकीच्या नंबरवर फोन केला, तीही पाड्यावर गेलेली, रेंज नाही. मग एका सकाळी मी मुलीला कडेवर घेतलं आणि निघाले. यजमानांना सांगितलं, सामान आणायला जाते.

डहाणूहून तलासरी, तिथून टमटम, टमटम सोडल्यावर पाऊण तास चढाची वाट. टमटममध्ये समोर बसलेल्या बाईने मुलीला हसून काही विचारलं. एरवी हिने तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. आता तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी बाहेर बघायला लागले. दोन्हीकडे भात कापून आडवा पडला होता.

पाड्यावर मावशींचं घर शोधावं लागलं नाही. त्या अंगणात भाताचे भारे सोडत होत्या. मुलगी कडेवरून अशी निसटली की माझ्या हातात तिची एक चप्पल राहिली. “मावशे!” ती ओरडली आणि मग बांध फुटावा तसं तिचं बोलणं फुटलं. किती दिवसांचं साचलेलं. मध्ये श्वास घ्यायला थांबायची आणि पुन्हा सुरू. मावशी भारा टाकून खाली बसल्या आणि त्याही बोलायला लागल्या, दोघी एकदमच, कुणी कुणाचं ऐकून न घेता. मी चप्पल हातात घेऊन कुडाशी उभी होते. मला इतका आनंद झाला की मीही त्यांच्याजवळ जाऊन बसणार होते, आणि इतका मत्सर वाटला की तिथून परत फिरावंसं वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

मावशींनी आतून एक जाडजूड, पिवळट पडलेली काकडी आणली, विळीवर फोड कापली आणि मुलीच्या हातात दिली. आणि माझी मुलगी, जिने महिनाभर काकडीला तोंड लावलं नव्हतं, ती फोड दोन्ही हातांत धरून हनुवटीवर पाणी गळेपर्यंत खात बसली.

“ही काकडी खात नाही मावशी,” मी म्हणाले. “शाळेतसुद्धा खाल्ली नाही. तोंडावर हात धरून बसली.”

मावशींनी विळी आडवी केली. मग म्हणाल्या, “तवा देव कुठं जेवला होता बाई?”

त्यांच्या घरी वेलावरची नवी काकडी देवाला दाखवल्याशिवाय कुणी खात नाही. चवळी नाही, नवा तांदूळ नाही. मोठी माणसं नाही आणि लहान पोरंही नाहीत. “लेकीकडं वेल होता ना. ही रोज हात लावायची. म्हटलं, तोडून खाईल. म्हनून शिकवला, काकडी दिसली का तोंडावर हात ठेवायचा, नाय खावाचा. देव जेवला का आपुन जेवू. परवा जेवला देव. आता खाऊं दे.” मग थोडं हसून म्हणाल्या, “बाजारची काकडी येगली, ता तिला कुठनं कलनार?”

तर असं होतं. तीन मोठी माणसं चार भाषांत विचारत होती, आणि तिला सगळं कळत होतं. तिच्यासमोर बशीत न दाखवलेली काकडी होती आणि सगळे मोठे मिळून तिला ती खा म्हणत होते. ती आम्हाला जमेल तितकं थांबवत होती. माझ्या सगळ्या शिक्षणात, बारा वर्षांच्या नोकरीत, मी एकदाही तिला विचारलं नव्हतं की तू का खात नाहीस. काय आहे ते विचारलं, का ते विचारलं नाही.

शाळेचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे तो विषय संपेल. दिवाळीनंतर पुन्हा बोलावलं. तिने बशीतल्या सगळ्या चकत्या संपवल्या, आणखी मागितल्या, आणि हेडबाईंना बांगडी कुठून घेतली ते विचारलं. त्या प्रसन्न झाल्या. “बघा,” मला म्हणाल्या, “एक भाषा ठेवल्याचा फायदा.” मी हो म्हणाले. उंटावरच्या शहाण्याशी वाद घालायचा तर आधी आपण उंटावरून उतरलेलं असावं लागतं.

पण त्या दिवशी मी अंगणात बसले होते, मावशींनी दिलेल्या पाटावर. मुलीची चप्पल खाली ठेवली. शेवटी म्हणाले, “मावशी, परत या. माझं चुकलं. तुम्हाला हवं तसं बोला तिच्याशी.”

मुलीच्या हनुवटीवरचं काकडीचं पाणी पदराने पुसत त्या तिच्याशी बोलल्या, आपल्या भाषेत, आपल्या अंगणात.

“तुज्या आयसला सांग, भात झोडून झाला का मी येन. पन गप बसून मना पोर सांभालता येत नाय. तुमचे घरान माजा तोंड दुखं.”

मी ते ऐकलं. त्यातला एकही शब्द मला परका नव्हता. मी कधी शिकले नव्हते, पण बारा वर्षं हेच शब्द वह्यांत वाचून त्यांच्याखाली लाल रेघा मारल्या होत्या. कळत नसेल तर रेघ कुठे मारायची ते कसं कळत होतं?

मुलगी माझ्याजवळ आली. तिने आपलं काम सुरू केलं, पूर्वीसारखंच, मान ताठ करून. “आई, मावशी म्हणते, भात झोडून झाला की येईन. पण गप्प बसून मूल सांभाळता येत नाही.”

“मला कळलं बाळा,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. माझी कीव करावी तसं माझ्याकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “तुला ही भाषा येत नाही.”

आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराला मी सांगते तितक्याच सावकाश, तिने मला ते पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. तोंड दुखतं, हे मघाशी राहिलेलंही सांगितलं. मावशी भारे सोडायला उठून गेल्या होत्या. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.